बाई आधी बोलत नाहीत

आमच्या वीज केंद्राच्या वसाहतीत एक नर्सबाई राहतात. त्या कुणाशी आधी बोलत नाहीत. रस्त्यात समोरासमोर आल्या तरी नजर सरळ ठेवून निघून जातात. तुम्ही ‘नमस्कार बाई’ म्हटलं तर थांबतात, हसतात, घरच्यांचं विचारतात, अपेक्षेपेक्षा दोन वाक्यं जास्तच बोलतात. पण पहिला शब्द त्यांचा नसतो.

मोठ्या शहरात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आमच्याकडं येतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला समोरच्याला काहीतरी विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. हातात रिकामी पिशवी दिसत असली तरी ‘बाजारात चालले काय जी?’ असं विचारायचं. डोकं ओलं असलं तरी ‘झाली काय आंघोळ?’ विचारायचं. उत्तर कुणालाच नको असतं. तू मला दिसलास, एवढंच त्यातून सांगायचं असतं. जो विचारत नाही तो एकतर भांडलेला असतो, नाहीतर घमेंडी. बाईंचं कुणाशी भांडण नव्हतं, म्हणून त्या घमेंडी ठरल्या.

त्यांचे यजमान आमच्याच वीज केंद्रात बॉयलरकडं आहेत. त्यांचं सगळ्यांशी जमतं. त्यामुळं बाईंचं वागणं आणखीच डोळ्यात यायचं. वसाहतीच्या कमिटीचे अध्यक्ष एकदा चहाच्या टपरीवर म्हणाले, ‘बाईले नमस्कार कराचा तर आधी गेटपास काढा लागते!’ सगळे हसले. मीही हसलो. बाई आधी का बोलत नाहीत हे मला त्या वेळी पक्कं माहीत होतं.

मी कोळशाचा हिशेब पाहतो. रेल्वेच्या वाघिणींतून किती आला, बंकरमध्ये किती गेला, यार्डात किती उरला. या तीन आकड्यांचा मेळ रोज बसवायचा, एवढंच काम. वर्षानुवर्षं ते मी नीट केलं. मग एके उन्हाळ्यात काय झालं कुणास ठाऊक, बेरीज करून झाली की मला ती पटेना. आकडा बरोबर आहे हे दिसायचं, पण बरोबर आहे असं वाटायचं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मी पुन्हा करायचो, पुन्हा तेच उत्तर यायचं, पुन्हा पटायचं नाही. ड्यूटी संपवून गेटपर्यंत आलो की परत जायचो. पुढं ते घरी आलं. गॅस, कडी, नळ. बायको आधी चिडायची, मग रडायची, मग काहीच बोलेना झाली. ते मला सगळ्यात जड गेलं.

वसाहतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा मनाचा आजार आहे, नेहमी दिसणारा आहे, याला औषध आहे. बुधवारी चंद्रपूरला सरकारी दवाखान्यात जा, तिथं एका खोलीत या आजारांचे तज्ज्ञ डॉक्टर बसतात. मी मान डोलावली आणि पुढचे कितीतरी बुधवार गेलो नाही.

कारण लपवण्यासारखं नाही. आमचं गाव ब्रह्मपुरीकडं, धानाच्या पट्ट्यात. आम्ही तलावावर मासेमारी करणारे. माझ्या वडिलांचे एक चुलतभाऊ गोठ्यातल्या खांबाला बांधलेले असायचे. जाळं विणायचं काम त्यांच्याइतकं बारीक गावात कुणाला येत नव्हतं. बांधलेल्या पायानं बसून ते जाळी विणायचे आणि तीच जाळी आम्ही तलावात टाकायचो. पण गावात आमच्या घराची ओळख जाळ्यांवरून नव्हती. ‘कोणाचा तू?’ असं कुणी विचारलं आणि मी वडिलांचं नाव सांगितलं की लोक म्हणायचे, ‘हां हां, त्या येड्याच्या घरचा.’ माझ्या आत्याचं लग्न त्यापायी किती लांबलं ते मी पाहिलं आहे.

शेवटी पुढच्या उन्हाळ्यात गेलो. मोटारसायकल स्टँडला लावली आणि हेल्मेट न काढताच त्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. मे महिन्यातल्या चंद्रपूरला हेल्मेटमध्ये डोकं घालून बसणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. शेजारच्या म्हातारबाईनं मला नीट न्याहाळलं आणि थोडी सरकून बसली. तिला वाटलं असेल, याचं बरंच पुढं गेलेलं दिसते.

बाकीच्या खोल्यांपुढं शिपाई दारात उभा राहून मोठ्यानं नावं पुकारत होता. नाव, आडनाव, कधी गावसुद्धा. या खोलीतून मात्र नर्स स्वतः बाहेर यायची, ज्याची पाळी असेल त्याच्यासमोर उभी राहायची आणि हळू म्हणायची, ‘चला.’ माझ्यासमोर येऊन ती उभी राहिली तेव्हा मी पाहिलं, या तर आपल्या मागच्या ओळीतल्या बाई. सरकारी दवाखान्यात आहेत एवढं माहीत होतं, याच खोलीत आहेत हे नव्हतं. मी उठलो तो पळून जाण्यासाठीच. पण बाहेर जायचं दार आणि बाई एकाच बाजूला होते.

आत गेल्यावर त्या म्हणाल्या, ‘हेल्मेट काढा. इथं वरून काही पडत नाही.’

मी काढलं.

‘एक गोष्ट आधीच सांगते. सगळ्यांनाच सांगते. या दाराबाहेर मी तुम्हाला ओळखत नाही. बाजारात नाही, वसाहतीत नाही, कुणाच्या लग्नात नाही. तुम्ही ओळख दाखवली तर मी दाखवीन. नाही दाखवली तर नाही.’

‘पण बाई, आपण तर शेजारी. न बोलणंच लोकांच्या लक्षात येईल.’

‘तुमच्या एकट्याशी न बोलल्यानं येईल,’ त्या म्हणाल्या. ‘इथं येणाऱ्यांशी बोलले नाही आन् बाकीच्यांशी बोलले, तर लोकायले हिशेब लावायला किती वेळ लागते? म्हणून मी आधी कुणाशीच बोलत नाही.’

हिशेबाचा माणूस म्हणून मला ते ताबडतोब पटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एखादी गोष्ट पुन्हा न तपासता पटली.

‘लोक तुम्हाला घमेंडी म्हणतात,’ मी सांगून टाकलं. का सांगितलं ते माहीत नाही.

‘माहीत आहे. म्हणू द्या. बाकावरच्यांना येडं म्हणण्यापेक्षा मले घमेंडी म्हटलेलं बरं.’

औषधं सुरू झाली. डॉक्टर थोडा वेळ बघायचे, बाकीचं बाई करायच्या. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. बेरीज एकदाच तपासायची. मग शंका येणारच. तिला हाकलायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही. एसटीत शेजारी कुणी येऊन बसतं, तसं तिला बसू द्यायचं. तिचं गाव आलं की ती उतरते. पहिल्या आठवड्यांत तिचं गाव काही यायचं नाही. हळूहळू येऊ लागलं. मी गेटवरून परत न फिरता घरी येऊ लागलो. बायको पुन्हा भांडू लागली, त्यावरून मला कळलं की मी बरा होतो आहे.

दुसरी एक गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. ती मी आपली आपणच शिकलो. बाई दिसल्या की मी वाट बदलायचो. नियम त्यांच्यापुरता होता. मी ओळख दाखवायची नाही असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. शेजारी म्हणून नुसतं ‘नमस्कार बाई’ म्हटलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? बाकीची वसाहत म्हणतच होती. पण मला वाटायचं, माझ्या नमस्कारात काहीतरी वेगळं ऐकू येईल.

एकदा आठवडी बाजारात त्यांची पिशवी फाटली. टमाटे गडगडत चिखलात गेले. मी हाकेच्या अंतरावर उभा होतो. मी फोन कानाला लावला आणि पलीकडं कुणी नसताना ‘हां, बोला, बोला’ म्हणत राहिलो. बाईंनी एकेक टमाटा वेचून पदरात घेतला. एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. त्या शेजारून गेल्या तेव्हाही मी कुणाशी तरी बोलतच होतो.

यानंतरची गोष्ट त्या हिवाळ्यातली. आमच्या समोरच्या ओळीत एक वडीलधारे गृहस्थ राहतात. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. त्यांच्या मुलाचं लग्न गडचांदूरच्या मुलीशी ठरलं होतं. मुलीचे वडील तिकडं सिमेंट कारखान्यात. साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला, साडी घेतली, आचारी सांगितला. आणि मग मुलीकडून फोन आला. मुलगा मेंटलच्या दवाखान्यात जातो असं समजलं आहे, तेव्हा माफ करा.

भाऊंनी ते कुणाला सांगितलं नसतं तर वसाहतीला कळलंही नसतं. पण ते रागात होते आणि राग त्यांना घरात मावला नाही. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी कमिटीच्या सभागृहात माणसं जमली. मी कमिटीचा खजिनदार असल्यामुळं मला जावंच लागलं.

‘कोणं सांगतलं त्यायले?’ भाऊ सारखं विचारत होते. ‘आमी तर घरातल्या घरात ठेवलं होतं. झोप येत नव्हती पोराले, मन लागत नव्हतं, एवढंच तर होतं. कोणं सांगतलं?’

‘कोण सांगन भाऊ? आपल्या इथून तिथं रोज कोण जाते?’ अध्यक्ष म्हणाले.

बायकांच्या बाजूनं आवाज आला, ‘जे बाई तोंडावर बोलत नाई ना, ते मागून लई बोलते. मी तर पहिल्यापासून म्हणून राह्यली.’

‘अवो, आमच्या पोरीच्या बारशाले आली तर कोपऱ्यात बसून सगळ्यायले पाहून राह्यली होती. कोण कोण येडं आहे ते मोजत असन!’

त्यावर हशा पिकला. भाऊ हसले नाहीत. मीही या वेळी हसलो नाही, पण गप्प बसलो. सभागृहातल्या माणसांत बाईंचा नियम माहीत असणारा मी एकटाच आहे, असं मला त्या वेळी वाटत होतं. मी उठून एवढंच म्हणायचं होतं की या बाई असं करणार नाहीत. मग कुणीतरी विचारलं असतं, ‘तुमाले कसं माहीत?’ त्या प्रश्नाचं खरं उत्तर एकच होतं.

ठरलं असं की चंद्रपूरच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांकडं तक्रार करायची. कमिटीच्या नावानं अर्ज द्यायचा, रविवारी सगळ्यांनी सह्या करायच्या. अध्यक्षांनी सभागृहात नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

‘खजिनदार साहेब, तुमचं लिहिणं एकदम साफ. तुमीच लिहा.’

मी म्हटलं, ‘लिहितो.’

आणि मी लिहिला. जेवणाच्या टेबलावर बसून, रेघा मारून, समास सोडून. अध्यक्षांनी सांगितलं होतं, ‘नर्सबाईनं माहिती बाहेर सांगतली असं ठणकावून लिहा.’ मी तसं लिहिलं नाही. मी लिहिलं, ‘सदर माहिती बाहेर गेली असावी असा रहिवाशांचा दाट संशय आहे.’ ‘असावी’ आणि ‘संशय’ हे दोन्ही शब्द मी विचार करून घातले. वाचून पाहिल्यावर मला बरं वाटलं. या कागदात खोटं असं काहीही नाही असं मी स्वतःला म्हणालो.

बायको भात घेऊन आली. तिनं उभ्यानंच कागद वाचला.

‘हे तुम्ही लिहून राह्यले?’ ती म्हणाली. ‘तुम्ही?’

‘मग काय करू? जाऊन सांगू सगळ्यांना? सांगू म्हणतेस?’

ती खाली बसली. आमची मुलगी ब्रह्मपुरीला माझ्या मोठ्या भावाकडं राहून कॉलेज करते. ‘पोरीचं पुढच्या वर्षी पाहाचं आहे,’ ती म्हणाली. भाऊंच्या घरी काय झालं ते आम्ही खिडकीतून पाहत होतो.

थोड्या वेळानं तिनं कागद पुन्हा उचलला. ‘नाईलाज असन तुमचा,’ ती म्हणाली. ‘पण मग एवढं चांगलं काऊन लिहिलं?’

मधे बुधवार आला. मी बाकावर बसलो. बाई आल्या, ‘चला’ म्हणाल्या. त्यांना सभेचं कळलं असणारच, वसाहतीत काही लपत नाही. पण त्यांनी झोपेचं विचारलं, गोळीनं तोंड कोरडं पडतं का ते विचारलं, शंका किती वेळ बसते ते विचारलं. मी वाट पाहत होतो. मला वाटत होतं, त्या आता म्हणतील, ‘तुम्हाला तर माहीत आहे, तुम्ही दोन शब्द बोला ना.’ त्यांनी म्हटलं असतं तर निदान मला हो-नाही काहीतरी करावं लागलं असतं. त्यांनी म्हटलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, ‘बाई, तुम्ही सभेत येऊन सांगत का नाही?’

‘काय सांगू?’

‘हेच, की तुम्ही कुणाचं सांगत नाही.’

‘ते शपथ घेऊन पटते काय कुणाला? पटवायचं तर म्हणावं लागेल की बघा, अमुक माणूस इतके महिने येतो आन् तुमाले पत्ता नाही.’ त्या लिहीत होत्या, वर पाहिलं नाही. ‘मग ते सांगणंच झालं ना.’

‘तक्रार गेली तर?’

‘चौकशी लागेल. ती होईस्तोवर मले दुसऱ्या वॉर्डात टाकतील. काम तिथंही आहेच.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘या कामाचं शिक्षण घेतलेली इथं मी एकटीच आहे. माझ्यानंतर बाकावरचं बघायला शिपाईच राहील.’

शिपायानं दारातून माझं नाव पुकारलं तर कसं ऐकू येईल ते मी मनात ऐकलं. आज हे लिहिताना प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या क्षणी मला बाईंची नाही, माझी काळजी वाटली.

निघताना मी दारात घुटमळलो. ‘बाई, मला...’ मी म्हटलं.

‘ते इथं नाही बोलायचं,’ त्या म्हणाल्या. स्वर कडक नव्हता. ‘इथं तुम्ही तुमच्या आजारासाठी येता. माझ्या कामाला तुम्ही यायचं नाही. पुढच्या वेळी झोपेचं लक्ष ठेवून या.’

रविवारी सभागृह पहिल्यापेक्षा जास्त भरलं होतं. अर्ज माझ्या खिशात होता. अध्यक्षांनी मला तो वाचायला सांगितला. मी उठलो, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आज मी बोलणार होतो असं कधी कधी मला वाटतं. बायकोलाही मी एकदा तसं सांगितलं. पण ते खरं आहे असं मी लिहू शकत नाही. मी घडी उलगडत होतो, एवढंच खरं.

तेवढ्यात मागून भाऊंचा मुलगा उठला. तिशीच्या आतला, उंच, आमच्याच केंद्रात ठेकेदाराकडं वेल्डिंगचं काम करणारा. तो आत कधी आला ते कुणी पाहिलं नव्हतं.

‘ते नका वाचू काकाजी,’ तो मला म्हणाला. मग सगळ्यांकडं वळला. ‘मीच सांगतलं.’

‘काय सांगतलं बे?’ अध्यक्ष.

‘गडचांदूरच्या पोरीले. फोनवर. मी गोळ्या खातो, दवाखान्यात जातो, सगळं. तिनं तिच्या घरी सांगतलं असन.’

भाऊ बसल्या जागेवरून उठले. ‘काऊन सांगतलं? तुले काय गरज पडली होती?’

‘लग्न मले कराचं होतं न बाबा. गोळ्या का उशाखाली लपवून खाऊ जन्मभर?’

‘अरे पण मोडलं न ते!’

‘मोडलं तर मोडलं. नंतर मोडलं असतं तर?’

भाऊंनी हात उचलला होता, तो त्यांनी कपाळाला लावला आणि खाली बसले. मुलगा पुन्हा सगळ्यांकडं वळला. ‘आन् नर्सबाईले काऊन बोलून राह्यले तुमी? ते तर मले रस्त्यात ओळखत पण नाई. मीच बोललो तर बोलते. दवाखान्यात सगळ्यायले हेच सांगते, की मी बाहेर ओळख दाखवणार नाई. म्हणून ते कोणाशी आधी बोलत नाई. तुमी तिले घमेंडी म्हणता.’

मला जे एका वाक्यात सांगायचं होतं ते त्यानं सांगून टाकलं. ते काही फार मोठं वाक्य नव्हतं.

मागून कुणीतरी, गंमत म्हणूनच, विचारलं, ‘सगळ्यायले म्हणजे? अजून कोण कोण येते रे आपल्या इथलं?’

‘हे नका विचारू भाऊजी,’ तो म्हणाला. ‘बाई नाई सांगत, त मी काऊन सांगू?’

हे बोलताना तो सगळीकडं पाहत होता. फक्त माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. मी त्याच्यापासून दोन हातांवर, कागद हातात घेऊन उभा होतो, आणि त्याची नजर माझ्यावरून अशी गेली की जणू तिथं खुर्चीच आहे. ती नजर मला ओळखीची होती. बाईंची होती. त्यानं मला बाकावर पाहिलं होतं. हेल्मेटमध्ये मी खाली मान घालून बसायचो म्हणून मला तो दिसला नव्हता, एवढंच.

सभा मोडली. अध्यक्ष म्हणाले, ‘चला, झालं ते झालं. तसं आपण बाईचं नाव कुठी घेतलं होतं?’ दोघांतिघांनी मान डोलावली. अर्ज मी घडी करून पुन्हा खिशात घातला. तो कुणी मागितला नाही.

बाईंकडं जाऊन कुणी काही बोललं नाही. मी चार-पाच दिवस वाट पाहिली, अध्यक्ष जातील, भाऊ जातील. मग एका संध्याकाळी ड्यूटीवरून येताना मी त्यांच्या क्वार्टरपाशी मोटारसायकल थांबवली. यजमानांनी दार उघडलं.

‘या या, खजिनदार साहेब! आमची वर्गणी राहिली काय?’

मी हसलो आणि आत आलो. बाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या, मला पाहिलं आणि यजमानांना म्हणाल्या, ‘तुमच्याकडं आलेत.’ आणि आत जायला वळल्या. माझ्याच सोयीसाठी त्या मला त्यांच्या घरातही ओळखत नव्हत्या.

‘नमस्कार बाई,’ मी म्हटलं.

त्या थांबल्या. ‘नमस्कार.’

‘मी तुमच्याकडं आलो आहे.’ मग यजमानांकडं पाहून म्हटलं, ‘मी बुधवारी बाईंकडं जातो. दवाखान्यात. बरेच महिने झाले.’

यजमान एकदा माझ्याकडं, एकदा बाईंकडं पाहत राहिले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतके महिने रोज एकाच टपरीवर चहा पिऊनही. बाईंचा नियम घराच्या आतही चालत होता हे मला तेव्हा कळलं.

‘आणि तो अर्ज मी लिहिला होता,’ मी म्हटलं.

‘माहीत आहे,’ बाई म्हणाल्या. ‘वसाहतीत एवढं नीट लिहिणारं दुसरं आहे कोण?’

मला वाटतं त्या चिडल्या होत्या. असायलाच हव्या होत्या. मला तेवढंच बरं वाटलं. सभेत मी बोलणारच होतो, असं वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं. ते मी गिळलं.

‘बसा. चहा ठेवते,’ त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. यजमानांनी टीव्ही लावला. आम्ही दोघांनी बातम्या पाहत चहा घेतला. उठताना मी दाराकडं गेलो तर ते बंद होतं. कडीसुद्धा लावलेली होती. आत आल्या आल्या, बोलायच्या आधी, ती मीच लावली होती. मला आठवतही नव्हतं.

यजमानांनी कडी काढली. बाहेर रस्त्यावरून अध्यक्ष फिरायला निघाले होते.

‘काय खजिनदार साहेब, इकडं कुठी?’

हा नेहमीचा प्रश्न. याचं उत्तर कुणालाच नको असतं. ‘बाईंकडं आलो होतो’ म्हटलं असतं तरी ते पुढं निघून गेले असते.

‘वर्गणीचं होतं,’ मी म्हटलं.

माझ्या मागं यजमान दारात आले. मग म्हणाले, ‘हां, देली, देली.’ त्यांच्या मागं बाई उभ्या होत्या. त्यांनी सरळ समोर पाहिलं, माझ्याकडं नाही.

आता मी रोज त्यांना रस्त्यात नमस्कार करतो. मोठ्यानं करतो, टपरीसमोर असलो तरी करतो. त्या थांबतात, मुलीचं विचारतात. भाऊंचा मुलगाही भेटला की मीच आधी हाक मारतो. टपरीवर परवा कुणीतरी म्हणालं, बाई आता जरा सुधरल्या, बोलतात. अध्यक्ष म्हणाले, ‘त्या मीटिंगचा परिणाम.’ मी पेला खाली ठेवला आणि म्हटलं, ‘नाही जी, त्या आधीपासून अशाच आहेत.’

‘तुमाले कसं माहीत?’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ‘शेजारी आहेत,’ आणि चहाचे पैसे देऊन निघालो.